ताताच्या ट्रंकेतले फोटो आणि गल्लीतली भांडणं

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई नमस्कार. मी सोलापुरात साखर पेठेत राहते, शाळेत शिकवते. आमचे ताता, म्हणजे आजोबा, मागच्या वर्षी गेले. आधी मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर शेवटपर्यंत माग चालवला. माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक सापडली, त्यात तीनेकशे फोटो आहेत पण मागं नाव ना तारीख. अव्वा, म्हणजे आजी, ८१ वर्षांची आहे, एखाद्या दिवशी सगळं आठवतं, एखाद्या दिवशी मलाच ओळखत नाही. आमच्या गल्लीतली जुनी घरं एकेक पडायलीत, अपार्टमेंट होणार म्हणतात, म्हणून मी ठरवलं की गल्लीचेच जुने फोटो आणि आठवणी गोळा करायच्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला तर लोक त्यावर गुड मॉर्निंग आणि किल्ल्याचे फोटो टाकतात, घरातला फोटो कुणी देत नाही. एक काका म्हणाले तुला ह्यातनं काय मिळणार. मंडळाचा पहिला गणपती कुणाच्या वाड्यात बसला यावरून दोन आजोबांची भांडणं लागली, आता दोघं बोलत नाहीत. भाऊ म्हणतो सगळे फोटो एआयनं कलर कर, रील बनव, संपलं. गणपतीत प्रदर्शन लावायचा विचार आहे. आणि स्टुडिओवाल्यानं काढलेले फोटो लावले तर त्याची परवानगी लागते का? कुठून सुरू करू कळेना झालंय. — गोंधळलेली, साखर पेठ"

बाई गं, ग्रुप, प्रदर्शन, रील हे सगळं आधी बाजूला ठेव आणि अव्वाजवळ जाऊन बस. फोटो ट्रंकेत इतकी वर्षं राहिलेत ते अजून वर्ष-दोन वर्षं राहतील, नीट ठेवले तर त्याहून जास्त, स्कॅनिंग काय पुढच्या वर्षी पण होईल, पण फोटोतल्या माणसाचं नाव सांगणारं माणूस पुढच्या वर्षी असेल आणि असलं तरी त्याला आठवेल याची गॅरंटी कुणीच देणार नाही. बरेच जण उलटं करतात, आधी चांगला स्कॅनर घेतात, मग फोल्डर करतात, मग फोल्डरना नावं देतात, आणि सहा महिन्यांनी त्यांच्याकडं एकदम झकास क्वालिटीत अनोळखी माणसांचे तीनशे फोटो जमलेले असतात. त्यामुळं तुला माझा सल्ला एकच, आधी नावं, मग बाकी सगळं, आणि खाली जे काय लिहिलंय ते सगळं ह्यातनंच निघालंय.

अव्वाजवळ बसायचं ते सकाळी. म्हाताऱ्या माणसांचं डोकं बहुतेक वेळा सकाळी जास्त चालतं, संध्याकाळ झाली की गोंधळ वाढतो. शिवाय रेकॉर्डिंग करताना फॅन बंद करावा लागतो नाहीतर घरघर सोडून काही ऐकू येत नाही, आणि आपल्याकडं मे महिन्यात सकाळी साडेसातनंतर फॅन बंद करा म्हणायची हिंमत कुणाची होणार आहे. मोबाईल फ्लाइट मोडवर टाकायचा, घडी केलेल्या चादरीवर ठेवायचा, सुरुवातीला तू स्वतः तारीख, जागा आणि कोण कोण बसलंय ते बोलायचं. एका बैठकीला पाच-सहा फोटो, जास्त नाही. हातात फोटो द्यायचा आणि गप्प बसायचं. "हे कोण? आणि हे कोण? ओळख की" असा पेपर घ्यायला लागलीस तर ती घाबरेल, एक नाव नाही आठवलं की बाकीची पण जातील. तू शाळेत शिकवतेस म्हणून मुद्दाम सांगते, सवय असते आपल्याला.

ती काय करेल, फोटोवर बोट ठेवून म्हणेल "ही बघ, हिचं लग्न मोडलं होतं." आता रेकॉर्डिंगला बोट दिसत नाही ना! म्हणून तू लगेच बोलायचंस, "डावीकडनं तिसरी, चौकड्याची साडी, कडेवर पोरगं आहे ती का?" आणि फोटोचा नंबर पण मोठ्यानं म्हणायचा. ही एवढी एक सवय लावून घे, नाहीतर दोन वर्षांनी तुझ्याकडं तासभर "ही इची जाऊ, आणि हा तिचा धाकटा" एवढंच असेल. बायकांची नावं विचारताना माहेरचं नाव आणि सासरी बदललेलं नाव दोन्ही विचार. जुन्या वह्यांत, आठवणींत सगळ्या बायका अमक्याची बायको तमक्याची आई एवढ्याच असतात, आणि एकदा ती पिढी गेली की त्यांचं स्वतःचं नाव शोधायला काही मार्गच राहत नाही. आणि अव्वाला तेलुगूतच बोलू दे. तुमच्या घरात तेलुगू बोलत असणार, सोलापूरचं तेलुगू, अर्धे शब्द मराठीचे, ते तसंच रेकॉर्ड होऊ दे, मराठीतला सारांश तू नंतर वहीत लिही. तुझ्यासाठी म्हणून ती मराठीत बोलायला लागली तर निम्म्या गोष्टी गाळून टाकेल.

साल विचारू नकोस. कुणालाच साल आठवत नसतं आणि विचारलं की माणूस मनानं ठोकून देतं. त्यापेक्षा विचार की हे मिलो खाल्ली तेव्हाचं का त्याच्या आधीचं. ७२ च्या दुष्काळात रेशनवर ती लाल मिलो ज्वारी मिळायची, ते त्या वयाचं माणूस विसरत नाही. किंवा किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते, सोलापूरला पण घरं हलली, भांडी पडली, तेव्हा ही भिंत होती का पाडली होती? इंदिरा गांधी गेल्या तेव्हा थोरला कितवीला होता? पोलीस ॲक्शनच्या वेळी हैदराबादकडचे कोण नातेवाईक तुमच्याकडं येऊन राहिले होते? मिल बंद पडली तेव्हा माझ्या आत्याचं लग्न झालं होतं का? अशानं साल बरोबर पकडता येतं, नाही तर निदान दोन घटनांच्या मध्ये तरी अडकवता येतं.

जिथं अव्वाला काहीच सांगता येणार नाही तिथं फोटोलाच विचारायचं. चौकोनी, छोटा, ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट असेल तर ॲग्फा क्लिकसारख्या डब्बा कॅमेऱ्यातला असायची शक्यता खूप, एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे, म्हणजे त्याच दिवसाचे त्याच साडीतले आणखी अकरा कुठंतरी असतील, नातेवाइकांकडं विचार. मागं स्टुडिओचा शिक्का बघ. कोपऱ्यात केशरी आकड्यात तारीख छापली असेल तर बहुतेक नव्वदच्या आसपासचा किंवा नंतरचा, पण त्या तारखेवर लगेच विश्वास ठेवू नकोस, कॅमेऱ्यातली तारीख बरोबर लावायचे कष्ट कोण घेत होतं. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेचे, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो तर तुमच्या ट्रंकेत नक्की निघणार, आणि तिथं माणसांच्या कपड्यांवरनं काही कळणार नाही कारण मिरवणुकीतला बाराबंदीचा पोशाख, ती बाराबंदी तेव्हा पण पांढरी आणि आत्ता पण पांढरी. तिथं माणसांच्या मागं बघायचं. दुकानाची पाटी, पाटीवर फोन नंबर किती आकडी आहे, सिनेमाचं पोस्टर कुठलं, लाईटचा खांब लाकडी का लोखंडी, लुना उभी आहे का. लुना आली १९७२ ला, मारुती ८०० आली १९८३ च्या शेवटी, म्हणजे ती दिसली तर फोटो त्याच्या आधीचा नाही एवढं नक्की. गाडीचा नंबर एमएच १३ ने सुरू होत असेल तर फोटो १९८९ चा किंवा नंतरचा, कारण जिल्ह्याचे हे नंबर तेव्हापासून आले. उलटं मात्र चालत नाही हं, जुन्या नंबरची गाडी माणसं पुढं वीस वर्षं पण वापरत होती, आपल्याकडं गाडी काय टाकून देतात का.

आता तुझं दुसरं दुखणं, लोक फोटो देत नाहीत. का देतील? ग्रुपवर "जुने फोटो पाठवा" म्हणणं म्हणजे त्यांनी माळ्यावर चढायचं, ट्रंक काढायची, फोटो शोधायचे, मोबाईलवर काढायचे आणि मग ते कुठं जाणार ते माहीत नाही. आणि तुझ्या त्या काकांनी "काय मिळणार" विचारलं त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काहीच नाही. जुन्या पेठेत घरं पडायलीत म्हणतेस ना, मग जरा विचार कर, कुठल्या खोलीत कोण भाडेकरू होतं, भिंत कुणाची, जिना कुणाचा, ओटा कधी वाढवला, हे सगळं जुन्या फोटोत दिसतं. भाऊबंदकीचे दावे चालू असतात, बिल्डरशी बोलणी चालू असतात, आणि त्यात ही पोरगी म्हणते घराचे जुने फोटो द्या. संशय येणारच! म्हणून पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगायचं की घराची कागदपत्रं मला नकोत, घराच्या आतले फोटो तुम्ही हो म्हटल्याशिवाय कुणाला दाखवणार नाही, आणि फोटो मी नेणारच नाही. तू त्यांच्या घरी जा. त्यांच्या समोर, त्यांच्याच गच्चीवर नाहीतर दारात, सावलीत पण उजेडात, फोटो काळ्या कापडावर ठेवून मोबाईलनं सरळ वरनं काढ, फ्लॅश बंद, पुढची बाजू आणि मागची बाजू दोन्ही, आणि फोटो त्यांच्या हातात परत दे. पुढच्या वेळी जाताना त्यातल्या एखाद्या फोटोची मोठी प्रिंट काढून घेऊन जा, खर्च काही फार नाही. ज्या घरात तू अशी एक प्रिंट देशील त्याच्या शेजारची बाई दुसऱ्या दिवशी स्वतः हाक मारेल, "काय गं, आमच्याकडं येईनास?" ग्रुपवर ही बोलवाबोलवी होत नाही, दारातच होते.

एक गोष्ट मात्र मला ह्या सगळ्याहून महत्त्वाची वाटते आणि तुझ्या पत्रात ती कुठंच नाही. फोटोत काय नाही ते बघ. लग्न असतं, बारसं असतं, मंडळाचा सत्कार असतो, गड्डा असतो. काम नसतं. 'जुनी मिल' म्हणतात ती कापड मिल १८७७ ला सुरू झाली, त्यानंतर एकेक मिल येत गेली, शंभर वर्षं हे गाव भोंग्यावर उठलं, भोंग्यावर जेवलं, तेलंगणातनं पद्मशाली विणकर आले, त्यांनी घराघरात माग टाकले, सोलापुरी चादर सगळ्या देशात गेली. आणि आता घरातल्या अल्बममध्ये बघ, ताता मागावर बसलेत असा फोटो आहे का? अव्वा विडी वळायलीय असा आहे का? नसणारच. रोल महाग होता, कामावरच्या मळक्या कपड्यात फोटो कोण काढून घेणार, फोटो म्हणजे पावडर लावून, केस विंचरून, स्टुडिओतल्या त्या रंगवलेल्या पडद्यासमोर. मध्यंतरी सगळ्यांच्या मोबाईलमध्ये होटगी रोडच्या साखर कारखान्याची चिमणी पडतानाचे व्हिडिओ होते, २०२३ च्या जूनमधले, धुरळा, आरडाओरडा, सगळं. पडतानाचं सगळ्यांकडं असतं. चालू असतानाचं विचारून बघ कुणाकडं आहे.

म्हणून कामाचे फोटो शोधत बसू नकोस, कामाच्या वस्तू शोध. मिलचा पास, बिल्ला, पगाराची चिठ्ठी, पीएफचा कागद, युनियनची पावती, विडी कामगाराचं ओळखपत्र, धोटा, कांड्या, पान कापायचा पत्र्याचा तुकडा, कात्री, सूप. त्याचे फोटो तू आत्ता काढ. अव्वानं विड्या वळल्या असतील तर सूप तिच्या मांडीवर दे आणि बघ काय होतं. मला खात्री आहे ज्या दिवशी ती तुला ओळखत नाही त्या दिवशी पण तिचे हात काम ओळखतील, पान भिजवून ठेवायचं, पत्र्याच्या मापानं कापायचं, चिमटीत तंबाखू घेऊन वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हे कर आणि व्हिडिओ घे, फक्त हातांचा घेतलास तरी चालेल. मग विचार, कारखान्यात विड्या द्यायला गेल्यावर छाट, म्हणजे नापास केलेल्या विड्या, किती काढायचे, कशावरनं काढायचे, कोण भांडायचं. हे तिला विचारणारं आत्तापर्यंत कोणी भेटलेलं नसणार. कुंभारीला विडी कामगार बायकांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, २००६ ला पंतप्रधान आले होते, त्या कार्यक्रमाचे फोटो ढिगानं मिळतील. पण त्या घरासाठी वर्षानुवर्षं मोर्चाला जाताना मागं पोरं कुणाकडं ठेवली, त्या दिवशीची मजुरी बुडाली तर घरी काय झालं, हे सगळं कुठल्या तरी शेजारणीच्या डोक्यात आहे, फोटोत नाही. तुमच्या गल्लीतनं कुणी तिकडं राहायला गेलं असेल तर त्यांना पण गाठ, गल्ली म्हणजे आज तिथं राहतात तेवढीच माणसं नाहीत.

आणि एक मोठा कागद घे, त्यावर गल्ली काढ, नुसत्या रेघा, सुंदर नको. दोन-तीन म्हाताऱ्या माणसांसमोर ठेव. नळ कुठं होता, पिठाची गिरणी कुठं, मागाचे कारखाने कुठले, कुणाच्या ओट्यावर रात्री पत्ते चालायचे, टांगा कुठं थांबायचा. नकाशावर माणसं लगेच बोलायला लागतात, पेन हातातनं काढून घेतात. ज्या कारखान्यात अजून माग चालू आहे तिथं जाऊन नुसता आवाज दहा मिनिटं रेकॉर्ड करून ठेव, कुणाशी बोलू पण नकोस, तसंही ऐकू येत नाही. तुमच्या गल्लीत तो आवाज बंद झाला तर नंतर कुणाला सांगून कळणार नाही की त्या आवाजात पोरं अभ्यास कशी करत होती आणि बाळं झोपत कशी होती.

भांडणाचं आता. दोन्ही आजोबांचं स्वतंत्र रेकॉर्डिंग कर, एकत्र बसवू नकोस, निदान एवढ्यात नको. वहीत दोन्ही लिही, अमुक तारखेला यांनी असं सांगितलं, अमुक तारखेला त्यांनी तसं सांगितलं. कोण खरं हे ठरवायची जबाबदारी तुझी नाही आणि दोघांना तसं सांग पण, "आजोबा, तुमचं तुमच्या नावानं लिहिलंय, त्यांचं त्यांच्या नावानं." बहुतेक वेळा माणसाला आपलं लिहिलं जावं एवढंच हवं असतं, समोरचा खोटा ठरावा असं काही नसतं, किंवा असतं पण थोडं कमी असतं. मग कागद शोध. मंडळाचं जुनं पावती पुस्तक, वर्गणीची वही, पोलीस परवान्याचा कागद, मंडळ धर्मादाय कार्यालयात नोंदवलेलं असेल तर ती तारीख. पुष्कळदा असं निघतं की दोघंही बरोबर असतात, एक वर्ष इथं बसला, पावसात गळायला लागलं म्हणून दुसऱ्या वर्षी तिथं बसला.

तसंच, तुला दर तिसऱ्या घरात एक गोष्ट ऐकायला मिळेल की आमचे पणजोबा मार्शल लॉमध्ये होते. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर पेटलं, काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरातनं उठल्यासारखाच झाला, मग लष्कर आलं, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याला फाशी दिलं. एवढं आपल्याला शाळेपासून माहीत आहे, पुतळ्यांवरनं रोज जातो. त्यामुळं घरातल्या गोष्टी हळूहळू त्या मोठ्या गोष्टीला जाऊन चिकटतात. खोटं ठरवू नकोस, हसू तर अजिबात नकोस. फक्त विचार की हे तुम्हाला कुणी सांगितलं, त्यांनी स्वतः बघितलं होतं का त्यांना पण कुणी सांगितलं होतं. वहीत "स्वतः बघितलं" आणि "ऐकलं" असे दोन रकाने कर. आणि मोठी गोष्ट झाली की लगेच पुढं विचार, तेव्हा घरात चूल पेटली का, दूध कुठनं आणलं, मिल किती दिवस बंद होती. तिथं खरं काय ते बाहेर येतं.

काही आठवणी मात्र फक्त ऐकायच्या असतात. सेटलमेंटकडची माणसं तुझ्या कामात येतील, कुणाची मैत्रीण, कुणाचा मिलमधला जोडीदार. तिथं तारेच्या कुंपणात माणसं ठेवली होती, १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला पण लोकांच्या तोंडातनं जायला किती वेळ लागला ते त्यांनाच विचार. त्यांनी सांगितलं तर सांगू दे, रेकॉर्डर बंद कर म्हणाले तर खरंच बंद कर, टेबलाखाली चालू ठेवू नकोस. दंगलीच्या आठवणी, पळून जाऊन केलेली लग्नं, दारूपायी गेलेली घरं, हे पण तसंच. दोन फोल्डर ठेव, एक सगळ्यांना दाखवायचा आणि एक कुलपातला. जो माणूस सांगतोय त्यानं ठरवायचं कुठल्यात जाणार, आणि आज हो म्हटलं अन् महिन्यानं नको म्हटलं तर काढून टाकायचं, वाद घालायचा नाही.

भावाचं सांगते. एआयनं रंगवू दे की, पोराला हौस आहे तर करू दे, पण कॉपीवर. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही. ते सॉफ्टवेअर साडीचा रंग अंदाजानं भरतं, आणि चेहरा अस्पष्ट असेल तर "सुधारून" दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा बसवतं, दिसतो छान, पण तो तुझा ताता नसतो. उद्या ग्रुपवर तोच फिरणार आणि मूळ फोटो कुणाला आठवणार नाही. रंगवलेल्या प्रत्येक कॉपीवर फोटोच्या आतच, कोपऱ्यात, "रंग नंतर भरलेत" असं लिहायला लाव त्याला.

स्कॅनिंगचं थोडक्यात. स्कॅनर मिळाला तर साधे फोटो ६०० डीपीआयला, पासपोर्ट साईज १२०० ला. काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, काचेसकटच काढायचा. त्या चिकट पानांच्या अल्बममधले पण उपटायचे नाहीत, पानासकट स्कॅन कर, वरचं प्लास्टिक सुटत असेल तरच काढ. बुरशी आलेले वेगळे ठेव, ओल्या फडक्यानं पुसू नकोस. ट्रंक माळ्यावरनं आजच खाली आण, पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते, रंगीत फोटो लालसर पडतात ते जास्त करून उष्णतेनं आणि उजेडानंच. डांबरगोळ्या काढून टाक, फोटो साध्या कागदी पाकिटात ठेव. मागं लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, कडेला, हलक्या हातानं, बॉलपेन अजिबात नको, त्याचं पुढच्या बाजूला उमटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून पाठवलास तर बारीक होऊन जातो. तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, एक गावाबाहेर कुणाकडं तरी. वहीचे पण फोटो काढून ठेव, कारण नावं त्यातच आहेत. काम बऱ्यापैकी झालं की एक प्रत हिराचंद नेमचंद वाचनालयात नाहीतर विद्यापीठात ठेवून घेतील का ते विचार, पण परवानगीचा कागद आधी तयार ठेव, साध्या मराठीत, अर्ध्या पानाचा, कुणी काय दिलं आणि कुठं दाखवायला हो म्हटलंय एवढंच, खाली सही.

स्टुडिओच्या परवानगीचं. आपल्या कायद्यात असं आहे की पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा काही करार नसला तर हक्क पैसे देणाऱ्याचा, म्हणजे लग्नाचा फोटोग्राफर तुमच्या घरच्यांनी लावला असेल तर ते फोटो घरच्यांचेच. पेपरमध्ये आलेले किंवा कुणी हौशी माणसानं स्वतःहून काढलेले असतील तर त्याला विचारावं लागतं, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि तो गेल्यावर पुढं ६० वर्षं चालतो. कायदा काही म्हणो, स्टुडिओ अजून चालू असेल तर जाऊन भेटच, परवानगीसाठी नाही, निगेटिव्हसाठी. त्यांच्या पोटमाळ्यावर अख्खी पेठ पडलेली असते आणि पोरं ती भंगारात द्यायच्या विचारात असतात.

राहिलं प्रदर्शन. गणपतीत लाव, चांगलं आहे, पण सगळं पूर्ण करून मग लावायचं असं ठरवू नकोस, अर्धवटच लाव. किंवा त्याच्या आधी नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाच्या दिवशी अख्खा पद्मशाली समाज रस्त्यावर असतो, बाहेरगावी गेलेली माणसं पण येतात, त्या दिवशी लावलंस तर आणखी बरं. मोठ्या महागड्या फ्रेमा नकोत, ए-फोर साईजच्या प्रिंट, दोरीला चिमटे लावून, आणि ज्या फोटोंतली माणसं ओळखली नाहीत ते मुद्दाम डोळ्याच्या उंचीवर. मूळ फोटो एक पण नाही. प्रत्येक फोटोखाली कोरा कागद, "यांना ओळखता का? नाव लिहा" एवढंच. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी तुझ्या वर्गातली दोन चुणचुणीत पोरं मोबाईल घेऊन उभी कर, बोललेलं रेकॉर्ड करायला, त्यातलं एक तरी तेलुगू येणारं पाहिजे. अव्वाची खुर्ची फॅनखाली टाक आणि तिला घरी कधी जायचं ते तिलाच ठरवू दे. आणि पेन्सिली दोरीनं बांधून ठेव गं, नाहीतर आरतीपर्यंत एक पण शिल्लक राहणार नाही.